पेशी तयार होत्या

पोहायला शिकवणारे मास्तर टेबलावर उताणे पडून छताकडे बघत होते. डोक्यावर एक्स-रेचं यंत्र आ वासून टांगलेलं, अंगावर हिरवी चादर, उजवा हात एका फळीवर बांधलेला. मनगटातून नळी आत सरकत होती, तरी त्यांची बडबड काही थांबत नव्हती.

"मॅडम, इथं फार गारठा आहे. माझ्या तलावात एवढं गार पाणी असतं ना, तर पोरं काठावरूनच घरी पळाली असती."

"हलू नका, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. मास्कच्या आत त्या हसल्या, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

मास्तरांना आठवड्यापूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता. हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त नेणारी मोठी धमनी गच्च बंद झाली होती. डॉक्टरबाईंनीच ती उघडून आत जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवला होता. जीव वाचला, पण रक्ताविना राहिलेला हृदयाचा पुढचा भाग निपचित पडला. धडधाकट माणसाचं हृदय जेवढं रक्त ढकलतं, त्याच्या निम्म्यानंही मास्तरांचं ढकलत नव्हतं. दोन जिने चढले की त्यांना धाप लागायची.

म्हणून हा दुसरा घाट. सकाळी मास्तरांच्या कमरेच्या हाडातून मगज काढला होता. प्रयोगशाळेत त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या करून धुतल्या होत्या. आता त्या त्याच धमनीतून आत सोडायच्या होत्या, मेलेल्या भागाला काही उभारी येते का ते बघायला. पण हा अभ्यास फायद्याचा नव्हता, सुरक्षिततेचा होता. पेशी सोडल्यावर धमनी नीट राहते का, पुन्हा आकसते का, आत गुठळी होते का, एवढंच आधी तपासायचं होतं. डॉक्टरबाईंनी प्रत्येक पेशंटला हे समोर बसवून सांगितलं होतं, मास्तरांनाही. मास्तर म्हणाले होते, "म्हणजे खोली मोजायला आधी मला उतरवताय. चालेल की. कुणीतरी उतरायलाच हवं."

पेशींचा डबा आला. प्रयोगशाळेच्या माणसानं तो दोन्ही हातांनी, नवजात बाळ आणावं तसा आणला. आत बर्फावर सिरिंजा होत्या आणि त्यांत फिकट गुलाबी, किंचित गढूळ द्रव. पेशी तासन्‌तास टिकणाऱ्या नव्हत्या. आज दिल्या तर दिल्या, नाहीतर गेल्या.

डॉक्टरबाईंनी फुगा लावलेली तार हातात घेतली. पेशी वाहून जाऊ नयेत म्हणून स्टेंटच्या आत, वरच्या कडेशी, हा फुगा फुगवायचा, रक्त काही क्षण अडवायचं आणि पुढच्या बाजूला पेशी सोडायच्या.

"आता छातीत दुखेल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दुखलं होतं तसंच, पण थोडा वेळ. मी सांगितल्याबरोबर थांबेल."

मास्तरांची बडबड बंद झाली. तोंडानं बेफिकिरी मिरवणाऱ्या माणसाच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला, तो सिस्टरनं टिपला.

तेवढ्यात दार ढकलून वॉर्डातली दुसरी सिस्टर आत आली. ती डॉक्टरबाईंच्या इतकी जवळ गेली की मास्तरांना ऐकू जाऊ नये.

"मॅडम, खाली कटिंगवाले काका आलेत. छाती धरून. ईसीजीची पट्टी काढली, पुढच्या बाजूचाच झटका दिसतोय."

डॉक्टरबाईंचा तार धरलेला हात थांबला.

कटिंगवाले काका म्हणजे स्टेशनरीच्या दुकानाशेजारी सलून चालवणारे म्हातारे न्हावी. याच खोलीत, याच टेबलावर, याच धमनीत त्यांना पेशी दिल्या होत्या. त्या वेळी ते म्हणाले होते, "डॉक्टरबाई, मी जन्मभर लोकांच्या गळ्याला वस्तरा लावला आणि लोक डोळे मिटून बसले. आता माझी पाळी." मागच्याच भेटीत त्यांनी स्वतःच्या पायांनी जिना चढून दाखवला होता.

आणि त्यांच्याही आधी पेशी घेतलेल्या एक मुख्याध्यापिका होत्या. त्यांना त्रास काहीच नव्हता, पण ठरलेल्या तपासणीत त्यांची धमनी आकसलेली दिसली होती. तेव्हा विभागाचे प्रमुख, मोठे सर म्हणाले होते, "त्यांची साखर बघ किती वाढलेली. अशा माणसांच्या धमन्या आकसतातच." ते खोटं नव्हतं. म्हणून डॉक्टरबाईंनी मान डोलावली होती आणि ती गोष्ट मनाच्या कोपऱ्यात सारली होती. आता ती कोपऱ्यातून उठून पुढ्यात येऊन बसली.

काचेपलीकडच्या खोलीत मोठे सर बसले होते. हा अभ्यास त्यांचाच होता. त्यांनीच डॉक्टरबाईंना हातात नळी कशी धरायची ते शिकवलं होतं. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला.

"काय झालं, पोरी?"

"सर, कटिंगवाले काका. पुन्हा झटका."

क्षणभर स्पीकर नुसता खरखरला. "शेजारच्या टेबलावर घ्यायला सांग त्यांना. तू इथलं उरक."

डॉक्टरबाईंनी हातातली फुग्याची तार परत ट्रेमध्ये ठेवली. सर काचेतून बघतच होते.

"काकांच्या धमनीचा फोटो बघितल्याशिवाय मी इथं पुढं जाणार नाही, सर. पेशींना अजून वेळ आहे."

"काय चाललंय?" मास्तर मान उचलायला बघत म्हणाले.

"थोडं थांबावं लागतंय, मास्तर. शेजारी एकाची तब्येत बिघडलीय. मी येते."

शेजारच्या खोलीत काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ निळसर. नेहमी चापूनचोपून बसवलेले केस कपाळाला चिकटले होते. डॉक्टरबाईंना बघून ते काहीतरी बोलायला गेले, पण शब्दांऐवजी नुसता श्वास आला. त्यांची सून दाराशी उभी राहून सांगत होती, "गिऱ्हाईकाची दाढी करताना खाली बसले हो. मला म्हणाले, आधी त्याचा साबण पुसून दे."

नळी आत गेली. रंग सोडला. पडद्यावर धमनी काळ्या रेघेसारखी उमटत खाली आली आणि मधेच तुटली. पुढं काहीच नाही. डॉक्टरबाईंनी तो तुकडा मोठा करून बघितला. धमनी बंद झाली होती ती स्टेंटच्या वरच्या कडेला. पेशी देताना फुगा धरला होता नेमक्या त्याच जागी.

बघत बसायला वेळ नव्हता. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी उसळली, यंत्र किंचाळायला लागलं आणि काकांचे डोळे वर गेले.

"शॉक! बाजूला व्हा सगळे!"

काकांचं अंग टेबलावरून उसळून पुन्हा आदळलं. रेघ तशीच. पुन्हा एकदा. या वेळी रेघ लोळागोळा होऊन सपाट झाली. मग एक ठोका आला. मग दुसरा, जड पावलांनी जिना चढणाऱ्या माणसासारखा. डॉक्टरबाईंनी तेवढ्यात तार गुठळीच्या पार नेली, गुठळी ओढून काढली, आकसलेली जागा उघडली आणि नवा स्टेंट बसवला. काळी रेघ हृदयाच्या टोकापर्यंत पोचली. काकांनी कण्हत डोळे उघडले.

"काका, ऐकू येतंय?"

काकांनी पापण्या हलवल्या.

सुनेला दोन शब्द सांगून त्या धावतच परत आल्या. मास्तरांच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबरठ्यातच उभ्या राहिल्या. मोठ्या सरांनी गाऊन चढवला होता. हातमोजे घातलेल्या हातात फुग्याची तार होती. पेशींची पहिली सिरिंज सिस्टरनं बर्फातून काढून ट्रेमध्ये ठेवली होती.

"सर, थांबा."

"काका कसे आहेत?"

"वाचले. सर, स्टेंटच्या कडेलाच बंद झालीय. आपण फुगा धरला होता तिथंच."

"स्टेंटच्या कडेला धमन्या बंद होतात. पेशी न देतासुद्धा होतात. हे तुला मी सांगायला हवं?"

"मुख्याध्यापिकाबाईंचीही तिथंच आकसली होती."

"दोन माणसांवरून तू सगळ्यावर पाणी ओतणार?" सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. सर रागावले की तसाच यायचा. "या माणसाचं हृदय बघितलंस ना? पेशी न देणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, पोरी. तेही काहीतरी करणंच आहे. उद्या हा धापा टाकत आला तर त्याचं उत्तर कोण देणार? तू?"

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच ते डॉक्टरबाईंच्या पाठीवर ओझ्यासारखं बसलं. गेली कित्येक वर्षं सर याच एका आशेवर जगले होते. त्यांचा धाकटा भाऊ असल्याच दुबळ्या हृदयानं, खुर्चीत बसल्या बसल्या झिजत गेला होता, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही त्यांच्या तोंडावर बोलत नसे.

"आपण यांना शब्द दिला होता, सर. काही वावगं दिसलं तर थांबू, म्हणून. आता दिसलंय."

"मी इथं आहे बरं का!" चादरीखालून आवाज आला. "माझ्याबद्दलच बोलताय ना? मग मलाही ऐकू द्या की. का मी मेलोय असं धरून चाललाय?"

डॉक्टरबाई वळसा घालून मास्तरांच्या डोक्याशी गेल्या आणि त्यांना आपला चेहरा दिसावा म्हणून मास्क खाली ओढला.

"मास्तर, तुमच्याआधी ज्यांना पेशी दिल्या, त्यातल्या एकांची धमनी आज बंद झाली. त्याच ठिकाणी. आधी आणखी एका बाईंची तिथंच आकसली होती. हे पेशींमुळे झालं, फुग्यामुळे झालं की तसंच झालं, मला माहीत नाही. सरांनाही नाही. सकाळी तुम्ही हो म्हणालात तेव्हा हे आम्हाला दिसलं नव्हतं."

मास्तर छताकडे बघत राहिले.

"मेला तो?"

"नाही. जरा वेळापूर्वी मरता मरता वाचला."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं आतापर्यंत ठीक आहे."

"मग द्या की." त्यांनी मान वळवली. "मॅडम, मी काठावर उभं राहून विचार करणाऱ्यातला नाही. या हृदयानं मला पाण्यात उतरता येणार नाही, ते तुम्हीच सांगितलंत. पाण्याबाहेर मी काय करू? घरात बसून बायकोला शिकवू पोहायला, पलंगावर? द्या. मी तयार आहे."

सरांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं.

पेशंट तयार, प्रमुख तयार, पेशी तयार. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरबाई एकट्याच. एखाद्यानं स्वतःच्या जिवावर उदार व्हायचं ठरवलं तर त्याला अडवणाऱ्या आपण कोण, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी खरोखर पडला. त्यांनी ट्रेमधल्या सिरिंजेकडे बघितलं. आणि मग काकांच्या पडद्यावरची तुटलेली रेघ डोळ्यांपुढं आली.

"तुम्ही तयार आहात, मास्तर. मी नाही," त्या म्हणाल्या. "आत जाऊन तो फुगा फुगवणारा हात माझा आहे. आंधळेपणानं मी तो फुगवणार नाही." मग सरांकडे वळून, "सर, आधी एकदा काकांचा फोटो बघा. बघून मग तुम्हाला द्याव्याशा वाटल्या तर मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण या खोलीत मी नसेन."

मग सरांनी तार सिस्टरच्या हातात दिली आणि काचेपलीकडे गेले. डॉक्टरबाईंना काचेतून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी काकांच्या धमनीचं चित्रण एकदा बघितलं, थांबवलं, मागं नेलं, पुन्हा बघितलं. मग मुख्याध्यापिकाबाईंचं मागवलं. दोन्ही शेजारी शेजारी लावली. खुर्ची असूनही ते उभेच होते.

स्पीकर खरखरला.

"नळी काढून घे," सर म्हणाले. एवढंच.

मनगटावर पट्टा बांधून होईपर्यंत मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. मांडीवर मास्तरांचा घडी केलेला शर्ट, त्यावर चष्मा. डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग इतक्या हळू बोलली की डॉक्टरबाईंना खाली वाकावं लागलं.

"हाडात सुई घातलीत तेव्हा यांनी माझा हात असा दाबला की अजून दुखतोय. ते काढलेलं कुठंय आता?"

"ते वापरता येणार नाही, ताई."

"म्हणजे फेकणार."

डॉक्टरबाईंनी होकारार्थी मान हलवली. ती माउली चष्मा पुसत राहिली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरबाईंना वाटलं. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या माणसानं तो गुलाबी द्रव नाश करायच्या पिशवीत टाकला, तेव्हा त्या मुद्दाम तिथं जाऊन उभ्या राहिल्या. ते बघणं आपल्याला चुकवता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

घरी गेल्यावर सासूबाईंनी ताट वाढलं आणि सुनेचा चेहरा बघून विचारलं, "कुणी गेलं का गं?"

"नाही, आई. कुणी गेलं नाही. पण कुणाचं भलंही झालं नाही."

"मग जेव. उपाशी पोटी निर्णय उकरत बसलं की सगळेच चुकलेले वाटतात."

त्या जेवल्या, पण घशाखाली काय उतरलं ते त्यांना आठवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अभ्यास थांबला. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आली. पेशी दिलेल्या प्रत्येक माणसाला पुन्हा बोलावून त्याची धमनी आतून बघायची असं ठरलं. ते दिवस डॉक्टरबाईंनी जीव मुठीत धरून काढले. एकेका पेशंटच्या धमनीत रंग सोडताना त्यांना दोन्ही गोष्टींची सारखीच भीती वाटायची. धमनी आकसलेली निघाली तर हा माणूस धोक्यात. स्वच्छ निघाली तर मास्तरांची संधी आपण उगाच मातीत घातली. आणि एकामागून एक स्वच्छच निघत गेल्या. विभागात कुजबुज सुरू झाली. कॅन्टीनमध्ये त्या टेबलाशी गेल्या की बोलणं हवापाण्यावर यायचं. सर कामापुरतं बोलायचे. "पोरी" बंद झालं होतं, आता त्या "डॉक्टर" होत्या.

शेवटाकडे आणखी एक आकसलेली धमनी निघाली. एक तरुण ट्रकचालक, काही त्रास नसलेला. आकसली होती तीही स्टेंटच्या वरच्या कडेला.

समितीनं निष्कर्ष काढला तो असा. पेशी जिथं पोचल्या होत्या त्या पुढच्या भागात कुणाच्याच धमनीला काही झालेलं नव्हतं, म्हणजे पेशींवर ठपका ठेवण्यासारखं काही दिसत नव्हतं. बिघडली होती ती फुग्याची जागा. नुकत्याच झटका येऊन गेलेल्या, आतून सुजलेल्या धमनीत फुगा पुन्हा पुन्हा फुगवला की स्टेंटच्या कडेला आतलं अस्तर खरचटत असावं. सगळ्यांचं नाही, पण काहींचं. तरी माणसं थोडी आहेत, छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही, असंही समितीनं म्हटलं. पुढं फुगा न फुगवता, रक्त वाहतं ठेवून, पेशी हळूहळू सोडायच्या, या अटीवर अभ्यास पुन्हा सुरू झाला.

ट्रकचालकाची धमनी वेळीच उघडली. काकाही सावरले. सलून सुनेच्या हवाली करून खुर्चीत बसून तिला सूचना देऊ लागले, आणि ती वैतागून डॉक्टरबाईंना म्हणाली, "तुम्ही यांना जरा जास्तच बरं केलंत."

मास्तरांना मात्र पेशी मिळाल्या नाहीत. झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच त्या द्यायच्या होत्या. ती मुदत टळून गेली होती.

ते तपासणीला यायचे, पण डॉक्टरबाईंच्या दिवशी नाही. दुसऱ्या डॉक्टरांचा दिवस धरून यायचे. गोळ्या वेळेवर घ्यायचे, चालायचे आणि बोलायचे कमी, असं सिस्टर सांगायची. मग थंडी सरताना एकदा दुसरे डॉक्टर रजेवर असताना ते अचानक समोर येऊन बसले. शेजारी बायको. अंगानं वाळले होते, पण चेहऱ्यावर रंग होता.

डॉक्टरबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय पूर्वीपेक्षा थोडं जास्त ढकलत होतं. फार नाही, थोडं.

"बायको म्हणते, गोळ्यांनी झालं," मास्तर शर्टाची बटणं लावत म्हणाले.

"गोळ्यांनी आणि चालण्यानं."

"पेशी दिल्या असत्या तर जास्त झालं असतं?"

"माहीत नाही."

"नसत्या झेपल्या तर मेलो असतो?"

"तेही माहीत नाही, मास्तर."

"मला वाटलं होतं, समितीनं तुमच्या बाजूनं सांगितलं म्हणजे आता तुम्ही म्हणाल, बघा, मी बरोबर होते."

"मला ज्या वेळी दिसलं त्या वेळी मी थांबले. बरोबर-चूक त्यातलं मला अजून उलगडलेलं नाही."

मास्तरांनी डॉक्टरबाईंकडे रोखून बघितलं. चेहऱ्यावर राग होता की नुसता थकवा, ते डॉक्टरबाईंना कळलं नाही. त्यांची बायको मात्र पहिल्यांदाच डॉक्टरबाईंच्या नजरेला नजर देत म्हणाली, "हे आता काठावर खुर्ची टाकून शिकवतात. छातीएवढ्या पाण्यात उतरू का, असं विचारायला आलेत. पण विचारवत नाहीये."

"मी विचारणारच होतो," मास्तर पुटपुटले.

"आधी छाती ऐकू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि पाठीवर टेकवला. "मोठा श्वास घ्या."

मास्तरांनी श्वास घेतला. त्यांची पाठ रुंद झाली, आणि तो श्वास आत तसाच राहिला. हृदयाचे ठोके स्वच्छ ऐकू येत होते, जरा मऊ, पण एकामागून एक, न चुकता. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. मास्तर पाण्याखाली असल्यासारखे श्वास सोडायचं नाव घेत नव्हते.

"सोडा आता," त्या म्हणाल्या.